मुंबईत गुलाब लावताय? मातीसकट रोपच घ्या

बाल्कनीत किंवा सोसायटीच्या गार्डनमध्ये गुलाब लावणार असाल तर सरळ पिशवीतलं नाहीतर कुंडीतलं रोप घ्या. ऑनलाइन मिळतं ते बिनमातीचं, मुळं मॉसमध्ये म्हणजे ओल्या शेवाळात गुंडाळलेलं रोप, त्यात व्हरायटी भरपूर असते हे खरंय, पण ते थंडीत वाढ थांबवून झोपलेलं असतानाच लावायचं असतं आणि आपल्याकडे तशी थंडी पडते कुठे! मागवायचंच असेल तर डिसेंबर-जानेवारीत मागवा, आलं की लगेच उघडून मुळं काही तास पाण्यात ठेवा, काळी मऊ पडलेली कापून टाका आणि नवी पानं धरेपर्यंत दुपारचं कडक ऊन लागू देऊ नका.

नर्सरीत नुसतं फूल बघून रोप उचलू नका हं. पान उलटं करा, बारीक जाळी आणि हलणारे लाल ठिपके दिसले तर लाल कोळी ही कीड आहे, ते रोप नकोच. मग खोडाशी डोळा भरलेली, म्हणजे जंगली गुलाबावर चांगल्या गुलाबाचं कलम केलेली, जाड गाठ शोधा, फांद्या तिच्या वरूनच फुटलेल्या हव्यात, खालचा फुटवा जंगली असतो आणि तोच सगळं खाऊन माजतो. लावताना ती गाठ मातीच्या वर ठेवा, आपल्या पावसात गाडलेली गाठ कुजायला वेळ लागत नाही.