पेटीवरचं नाव आणि आतला साका

बी.कॉम. करून मी रत्नागिरीला परत आले, ती बाबांच्या कलमांचा हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचा असं ठरवूनच. तोवर आमचा माल वाशीच्या दलालाकडे जायचा आणि पुढे तो कुणाच्या बागेतला हे खाणाऱ्याला कळायचंच नाही. म्हणून पहिली दोन वर्षं मी सगळा जोर नावावर लावला. लोगो केला, पेटीवर ठळक अक्षरं छापली, इन्स्टाग्रामवर बागेचे फोटो टाकले.

तिसऱ्या हंगामात कोथरूडच्या एका सोसायटीत पाच डझनी ११ पेट्या पाठवल्या. आठवड्यात एका काकूंचा फोन आला. "अगं, वास काय सुंदर, रंग केशरी, आणि कापला तर बाठीजवळ पांढरं, आंबट." साका. हापूसचं हे जुनं दुखणं, फळ कापेपर्यंत कुणालाच कळत नाही. मी म्हटलं, "काकू, निसर्गापुढे आमचं काय चालणार?" हे वाक्य तुम्ही कधीही बोलू नका. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कापलेल्या फोडींचा फोटो फिरला, मागे आमची पेटी, आणि नाव अगदी स्वच्छ वाचता येत होतं.

त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी अकराही घरी स्वतः फोन केले, किती फळं खराब निघाली ते विचारून लिहून घेतलं. ३७ निघाली. कुणाकडेही पुरावा मागितला नाही. ज्यांना फळं हवी होती त्यांना फळं, ज्यांना पैसे हवे होते त्यांना पैसे. मग बाबांना विचारलं. त्या दिवशी तोडणी दुपारपर्यंत लांबली होती आणि क्रेट उन्हात राहिले होते. जमिनीची धग फळाला लागली की साका वाढतो. हे कारण मी त्याच ग्रुपवर, काकूंची माफी मागून, जसंच्या तसं लिहिलं.

तेव्हापासून चौदा आणे, म्हणजे जवळजवळ पूर्ण, तयार झालेलंच फळ, झेल्याने (लांब काठीला जाळी लावलेल्या अवजाराने), देठासकट, सकाळी दहाच्या आत उतरवतो आणि लगेच सावलीत नेतो. प्रत्येक पेटीवर तोडीची तारीख आणि बागेचा तुकडा लिहिलेली चिठ्ठी लावतो. तक्रार आली की कुठली तोड ते लगेच सापडतं, आणि त्याच तोडीच्या बाकीच्यांना आम्हीच आधी फोन करतो. माझ्या मते ब्रँडवर केलेला सगळ्यात चांगला खर्च म्हणजे ती चार आण्यांची चिठ्ठी.

कागदपत्रं मात्र टाळू नका. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला त्या नावाचा हक्क, मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे त्यात येतात. ते वापरायला बागायतदाराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. 'हापूस' हे नाव या भागातल्या सगळ्यांचं, तुमच्या बागेचं नाव तुमचं, त्यामुळे त्याचा ट्रेडमार्क वेगळा घ्या. ताजी फळं ट्रेडमार्कच्या ३१ व्या वर्गात येतात, नोंदणी १० वर्षं टिकते. नोंदणी हातात येईपर्यंत गोलातला 'आर' छापू नका, ते बेकायदेशीर आहे.

खरी कसोटी मे महिन्याच्या शेवटी लागते. आपला माल संपत आलेला असतो, फोन वाजत असतात, आणि कुणीतरी सांगतं की बाहेरचा आंबा स्वस्तात देतो, तुमच्या पेटीत भरा. आमच्याकडे त्या दिवसांत फोनवाल्याला "यंदाचा संपला" सांगतो, नाव वहीत लिहून घेतो, आणि पुढच्या हंगामाची पहिली तोड झाली की वहीतल्या क्रमाने फोन लावतो.