जुनी शिडाची बोट घ्यावी की नवी?

बडोद्याहून बोट बघायला मुंबईला जाणार असाल, तर ती पाण्याबाहेर काढलेली असतानाच जा. जून ते सप्टेंबर त्यासाठी बरा.

1970च्या दशकातल्या बोटींचं फायबरग्लास सहसा जाड, कील (तळाखालचा जड पंखा) लांब. लाटांत त्या कमी आपटतात. नव्या बोटी रुंद, हलक्या, वेगवान. दोन्हींची एकूण लांबी 35 फूटच, पण पाणरेषा (पाण्याच्या पातळीवर मोजलेली लांबी) 26 फूट असेल तर कमाल वेग साधारण 6.8 नॉट (ताशी सागरी मैल), 32 फूट असेल तर 7.6. म्हणून एकूण लांबी नको, पाणरेषा विचारा.

खरा खर्च जुनीच्या डेकमध्ये दडलेला असतो. प्लास्टिकच्या हातोडीने वीतवीतभर अंतरावर ठोका, विशेषतः डोलकाठीच्या बुडाशी आणि रेलिंगच्या खांबांभोवती. बद्द आवाज आला तर स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरून डेकच्या दोन थरांमधलं बाल्सा हे हलकं लाकूड कुजलं असण्याची शक्यता मोठी. डोलकाठीच्या स्टीलच्या तारा 10-15 वर्षांत बदलाव्याच लागतात; बिल मागा, तोंडी तारीख धरू नका.

नवीत कील सहसा बोल्टांनी जोडलेली असते. त्या सांध्यावर तडा किंवा गंजाचा ओघळ दिसला, तर बोट कधीतरी तळाला आपटली होती का, हे विचारा आणि स्वतंत्र सर्व्हेअरकडून तपासून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.