रिटुक्सिमॅब लावताना या चुका टाळा

मिरजेच्या डे-केअर वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली. लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा पेशंट रिटुक्सिमॅबच्या पहिल्या डोसाला आला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, किती वाजता सोडणार?" आणि दुसरा: "अँटिबायोटिक एवढं महाग असतं व्हय?" अँटिबायोटिक नाही हो, अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक खूण ओळखून चिकटणारं प्रथिन. हे औषध बी-पेशींवरची (या रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) सीडी-20 नावाची खूण शोधून तिथं चिकटतं आणि त्या पेशी मारते आपल्याच शरीराची यंत्रणा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबचं आहे. औषध सलाइनमधून सोडायचा वेग तासाला 50 मिलिग्रॅमने सुरू होतो, दर अर्ध्या तासाला 50 ने वाढतो आणि 400 च्या वर जात नाही. अंगाच्या दर चौरस मीटरला 375 मिलिग्रॅम या हिशेबानं मध्यम बांध्याच्या माणसाला साधारण 600 मिलिग्रॅम लागतं. कुठंही न थांबता हा डोस सोडला, तरी सव्वातीन तास जातात. थांबावं तर लागतंच. म्हणजे दिवस गेला असं धरूनच घरून निघायचं.

वॉर्डात औषधाचा वेग राखणारे दोनच पंप होते तेव्हाची गोष्ट. जत तालुक्यातले एक मामा, पहिला डोस, साध्या सेटवर मिनिटाला 14 थेंब. मी शेजारच्या बेडवर एका काकूंची शीर शोधत होते. वळून बघते तर थेंब कुठले, धार लागलेली. भाचा शांतपणे म्हणाला, "लई हळू पडत हुतं, जरा सोडलं. साडेचारची जतची गाडी हाय." मी चाक बंद करेपर्यंत मामांचे दात वाजायला लागले. दोन ब्लँकेटं टाकली तरी हुडहुडीनं खाट हलत होती. वरचं बीपी 130 वरून 90 वर. औषध बंद, नुसतं सलाइन चालू, ऑक्सिजन, हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल ही रिअ‍ॅक्शन दाबणारी इंजेक्शनं, डॉक्टर उशाशी. तासाभरानं मामा बोलले ते एवढंच: "गाडी गेली का?" सगळं शांत झाल्यावर डॉक्टरांनी निम्म्या वेगानं पुन्हा सुरू करायला सांगितलं. संपायला रात्रीचे नऊ वाजले. भाचा बाकावर झोपला.

पहिल्या डोसाला अंगात कॅन्सरच्या पेशी सगळ्यात जास्त असतात. त्या एकदम फुटल्या की आतली रसायनं रक्तात सांडतात, म्हणून थंडी, ताप, पुरळ, धाप, बीपी उतरणं. बहुतेक वेळा हे पहिल्या अर्ध्या ते दोन तासांत होतं. तेवढा वेळ मी स्टूल घेऊन बेडशेजारीच बसते आणि सेटच्या चाकावर चिकटपट्टी मारते. आता पंप आहेत, तरी मारते. नव्या मुली हसतात. हसू देत.

त्याच मुली मोबाइलवर वाचून येतात, "मॅडम, नव्वद मिनिटांत देता येतं." येतं, पण दुसऱ्या डोसापासून, पहिल्याला मोठी रिअ‍ॅक्शन आली नसेल तर, ठरावीक पेशंटला आणि डॉक्टरांनी लिहिलं तरच.

दुसरी चूक बर्फाची. सांगलीतून व्हायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली घ्यायची, गावाकडं न्यायची आणि "थंड ठेवा म्हटलेत ना" म्हणून फ्रीजरमध्ये कोंबायची! औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. हे प्रथिन आहे. गोठलं की त्याची घडी मोडते, आणि वितळल्यावर बाटली दिसते मात्र पहिल्यासारखीच. एकदा एका ताईंनी थर्मासमध्ये बर्फाच्या खड्यांत रुतवून आणली. मी विचारलं नसतं तर त्या बोलल्याही नसत्या. ती व्हायल बाजूला ठेवावी लागली. पैसे त्यांचे गेले, रडू मला आलं. आता मी आधीच सांगते: डोसाच्या दिवशी सकाळीच घ्या, आइसपॅक आणि व्हायलच्या मध्ये जाड कापड घाला. आणि हलवू नका, ते खोकल्याचं औषध नाही. फेस येतो.

हिपॅटायटिस बीचा, म्हणजे काविळीच्या एका विषाणूचा, रिपोर्ट नसेल तर मी सलाइन टोचतसुद्धा नाही. जुनी कावीळ यकृतात झोपलेली असते, बी-पेशी गेल्या की ती उठते आणि जिवावर बेतते. नुसतं एचबीएसएजी (विषाणू आत्ता अंगात आहे का, याची तपासणी) पुरत नाही, अँटी-एचबीसीही (पूर्वी कधी येऊन गेला का, याची) हवं. "मागच्या वर्षी केलंय, घरी हाय" हे चालत नाही, कागद दाखवा.

बीपीची गोळी त्या सकाळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारा; मनानं घेऊ नका, मनानं बंदही करू नका. उपाशी येऊ नका. वजन दर वेळी करा, मागच्या फाइलवरचं सांगू नका. जिवंत, म्हणजे कमजोर केलेल्या जंतूंच्या लशी नकोत.

घरी गेल्यावर रात्री ताप, धाप किंवा छातीत दुखलं तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका. वॉर्डाचा नंबर फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनानं लिहिलेला असतो.