ट्रेलर घ्यायच्या आधी वजनाचं गणित करा: गाडी काय ओढते आणि काट्यावर कसं जायचं

आम्ही डेन्व्हरला राहतो आणि गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीतल्या तीन-चार मराठी घरांनी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेतला. मुलं लहान असतात, बाहेरचं खाणं चार दिवसांच्या वर सोसत नाही, स्वतःचं किचन मागे जोडलेलं असलं की कुठेही वरणभाताचा कुकर लावता येतो, त्यामुळे हौस मला पूर्ण कळते. पण मला फोन येतो तो नेहमी ट्रेलर घेऊन झाल्यावर, "अरे आपली गाडी ओढेल ना हा?" हा प्रश्न पैसे भरायच्या आधी विचारायचा असतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

आमचा पहिला ट्रेलर एका मिडसाइझ एसयूव्हीमागे होता. विकणाऱ्याने सांगितलं गाडीची टोइंग, म्हणजे ओढायची क्षमता, ५,००० पाउंड, ट्रेलर ३,९०० चा, मग काळजी कसली, आणि आम्ही मान डोलावली. आय-७० हायवेवर आयझेनहॉवर बोगदा ओलांडून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना (११,००० फुटांवरून खाली, ७ टक्क्यांचा उतार, ज्यांनी कसारा उतरलाय त्यांना अंदाज येईल) ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झुलायला लागलं आणि त्याच्याबरोबर आमच्या गाडीचा मागचा भागही. बायकोने दाराचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं मला अजून दिसतं. सायकली ट्रेलरच्या मागच्या बंपरवर लावलेल्या आणि पाण्याची टाकी चाकांच्या मागे, ती पण काठोकाठ भरलेली.

ज्यांनी गावी बैलगाडी भरलीय त्यांना हे एका शब्दात कळेल, गाडी उलाळ झाली होती. भार चाकांच्या मागे गेला की पुढचं जू वर उचलतं आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहत नाही, पुढे जास्त झाला तर बैलांच्या मानेवर येतो. ट्रेलरचं तेच. हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, जो भार येतो त्याला टंग वेट म्हणतात आणि तो भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के पाहिजे. १० च्या खाली गेला की झुलणं सुरू होतं. मी १२-१३ धरतो.

आता गाडीचं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात टो रेटिंग असतं, ते बहुतेक वेळा सगळ्यात हलक्या, कमी ऑप्शनवाल्या मॉडेलचं असतं आणि त्या हिशोबात गाडीत जेमतेम दोन माणसं धरलेली असतात. आपल्या गाडीत चार-पाच जण, शिवाय सामान. म्हणून ड्रायव्हरचं दार उघडा आणि चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं टायरचं स्टिकर वाचा, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये. हा तुमचा पेलोड, आणि तो तुमच्याच गाडीचा. शेजाऱ्याकडे तेच मॉडेल असलं तरी सनरूफ, फोर बाय फोर, मोठी केबिन यामुळे आकडा शेकडो पाउंडांनी वेगळा निघू शकतो. टंग वेट या पेलोडमधूनच जातं हे कोणी सांगत नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो.

आमच्या आत्ताच्या हाफ-टन पिकअपचं उदाहरण घ्या. टो रेटिंग ९,३००, स्टिकरवर पेलोड १,४८०. आम्ही चौघं ४५०, वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (स्प्रिंग बारांनी भार पुढच्या चाकांकडे आणि ट्रेलरकडे वाटून देणारी) ८०, मागे किरकोळ सामान ७०, झाले ६००. उरले ८८०. ते टंग वेटसाठी, म्हणजे ८८० भागिले ०.१३, साधारण ६,७००. कागदावर ९,३०० ओढणारी गाडी आमच्या घरासाठी ६,७०० च्याच ट्रेलरची आहे. हे गणित शोरूमच्या पार्किंगमध्ये उभं राहून फोनवर दोन मिनिटांत होतं, करा.

ट्रेलरच्या बाजूने ड्राय वेटवर अजिबात जाऊ नका. त्यात पाणी नसतं, गॅस आणि बॅटरी बरेचदा नसतात, तुमचं सामान तर नसतंच. पाणी गॅलनला ८.३ पाउंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड वाढले. २० पाउंडांचा प्रोपेन सिलिंडर भरलेला ३७ च्या आसपास जातो आणि पुढे असे दोन असतात. त्यात आपलं किचन, कुकर, कढई, इडलीपात्र, २० पाउंडांची कणकेची पिशवी. आमच्या ट्रेलरचं रिकामं वजन ४,६८०, भरून ५,८०० भरलं. म्हणून खरेदी करताना ट्रेलरच्या डाव्या बाजूच्या प्लेटवरचा जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरून जास्तीत जास्त किती, तोच आकडा धरायचा. आमचा ६,२०० आहे, त्याचे १३ टक्के ८०६, आणि आपल्याकडे ८८० होते. बसतंय.

ट्रेलर आला की काट्यावर जायचंच. हायवेच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो, पंधरा डॉलरच्या आसपास लागतात आणि त्याच दिवशी परत वजन करायला थोडे अजून. कल्पना आपल्या साखर कारखान्याच्या काट्याचीच, उसाची ट्रॉली भरलेली तोलतात, रिकामी तोलतात, वजाबाकी करतात. फक्त इथे प्लेटा वेगवेगळ्या असतात, पुढची चाकं पहिलीवर, मागची दुसरीवर, ट्रेलरची तिसरीवर, म्हणजे प्रत्येक ॲक्सलचा वेगळा आकडा मिळतो. रविवारी सकाळी जा, ट्रकवाले कमी असतात, त्यांचा वेळ म्हणजे त्यांची रोजी आहे. निघताना जसे प्रवासाला जाल तसेच जा, सगळे जण आत, डिझेल-पेट्रोल फुल, पाणी जेवढं नेता तेवढं.

काट्यावर तीनदा चढायचं. पहिल्यांदा सगळं जोडून, हिचचे स्प्रिंग बार लावलेले. खांबावरचं बटण दाबलं की आतून विचारतात पहिलं वजन की परत, सांगायचं आणि पावती घ्यायची. मग खाली उतरून बाजूला थांबून बार काढायचे आणि पुन्हा चढायचं. तिसऱ्यांदा ट्रेलर पार्किंगच्या कडेला सोडून, चाकांना लाकडी ठोकळे लावून, नुसती गाडी. काट्यावर उभं राहून ट्रेलर सोडत बसू नका.

आमच्या पावत्या अशा होत्या. नुसती गाडी पुढे ३,२४०, मागे २,७८०, एकूण ६,०२०. जोडून, बार न लावता पुढे २,९४०, मागे ३,८२०, ट्रेलरची चाकं ५,०६०, एकूण ११,८२०. बार लावून पुढे ३,१६०, मागे ३,४८०, ट्रेलर ५,१८०, एकूण तेच.

आता वजाबाकी. ११,८२० वजा ६,०२० म्हणजे ट्रेलर ५,८००. टंग वेट काढायला बार नसतानाचे गाडीचे दोन आकडे, २,९४० अधिक ३,८२० म्हणजे ६,७६०, त्यातून ६,०२० गेले, उरले ७४०. ५,८०० च्या जवळजवळ १३ टक्के, छान. आणि बार नसताना पुढच्या चाकांवरचे ३०० पाउंड कमी झालेत ते बघा, स्टीअरिंग हलकं लागतं ते यामुळेच. बारांनी त्यातले २२० परत आणले आणि १२० ट्रेलरच्या चाकांकडे ढकलले. किती परत आणायचे ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते पाळा, जास्त ताणून बसवणंही चुकीचं. मग प्रत्येक आकडा दाराच्या चौकटीवरच्या ॲक्सलच्या मर्यादेशी, गाडीच्या जीव्हीडब्ल्यूआरशी (आमचा ६,९००) आणि मॅन्युअलमधल्या गाडी-ट्रेलरच्या एकत्रित मर्यादेशी ताडून बघा. आमची मागच्या ॲक्सलची मर्यादा ३,९००, बार नसताना फक्त ८० पाउंड शिल्लक होते. हिच आणि रिसीव्हरवरही (गाडीच्या मागची चौकोनी नळी, जिच्यात हिच बसते) स्टिकर असतं, त्यावर बार लावून आणि न लावता असे दोन आकडे असतात, तेही वाचा.

दरवेळी ट्रक स्टॉप गाठायला नको असेल तर टंग वेट घरीही काढता येतं. सपाट जागी ट्रेलर, एक मजबूत फळी, तिचं एक टोक पाइपवर, दुसरं बाथरूमच्या काट्यावर. टंग, म्हणजे ट्रेलरचा पुढचा दांडा, पाइपपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अशा जागी टेकवा. काट्यावर येईल त्यातून नुसत्या फळीचा आकडा वजा करून तीनने गुणा.

टक्का कमी आला तर जड सामान चाकांच्या किंचित पुढे, खाली जमिनीलगत ठेवा, सायकली मागच्या बंपरवरून काढा, आणि पाण्याची टाकी नक्की कुठे आहे ते खाली वाकून बघा, कारण ती मागे असेल तर भरल्यावर टंग वेट अजून कमी होतं. आणि आमच्यासारखे डोंगरात राहत असाल तर हेही धरा, टर्बो नसलेलं इंजिन दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के ताकद घालवतं, बोगद्यापर्यंत जाता जाता तिसरा हिस्सा गेलेला असतो. उतारावर खालच्या गिअरमध्ये, टो-हॉल मोड (गाडीतली ओढण्यासाठीची गिअरची सेटिंग) लावून या. बऱ्याच राज्यांत ३,००० पाउंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, पण कायदा काहीही असो, गाडीत ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण, हवाच.

कधी झुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक दाबू नका, स्टीअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. थांबल्यावर सामान पुन्हा लावा आणि पुढच्या ट्रक स्टॉपवर परत काट्यावर चढा. आमच्या तिन्ही पावत्या ग्लव्हबॉक्समध्ये आहेत, नवीन बॅटरी घेतली किंवा जनरेटर चढवला की चौथी येते.