‘टाइमलेस’च्या धाटणीचा ब्रेक: कापणं, ताणणं आणि खालचा बेस

१९९५ साली ब्रिटिश ड्रम अँड बेस निर्माता गोल्डीचा ‘टाइमलेस’ आला. मूव्हिंग शॅडो लेबलच्या रॉब प्लेफर्डसोबत केलेल्या या अल्बमचं शीर्षकगीत तब्बल २१ मिनिटांचं आहे, आणि ते ऐकवतं ते दोन लयींमुळे. ढोल दुगुनीत पळत असतात. डायन शार्लमेनचा आवाज आणि बेस ठाय लयीत असतात. ही बांधणी घरच्या संगणकावर करता येते, पण पाया आहे ब्रेकची, म्हणजे जुन्या गाण्यातल्या नुसत्या ड्रमच्या तुकड्याची, कापणी. तिथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

आपण १६० बीपीएम (मिनिटाला १६० मात्रा) धरू. म्हणजे एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची आणि चार मात्रांचा एक बार बरोबर दीड सेकंदाचा.

कच्चा माल म्हणजे अमेन ब्रेक. द विन्स्टन्सच्या १९६९च्या ‘अमेन, ब्रदर’मध्ये ग्रेगरी कोलमन यांनी एकट्यानं वाजवलेले चार बार, सुमारे ७ सेकंदांचे. कोलमन यांना या तुकड्याचे पैसे कधी मिळाले नाहीत. म्हणून ट्रॅक विकायचा असेल तर रीतसर परवानगी घ्या, नाहीतर हाच ठेका ड्रमरकडून नव्यानं वाजवून घ्या.

मूळ वेग १३७च्या आसपास आहे. ७ सेकंद ६ सेकंदांत बसवायला सॅम्पल (उचललेला तुकडा) साधारण २.७ सेमिटोन (सप्तकाचे १२ सेमिटोन) वर चढवा, म्हणजे सुरासोबत वेगही वाढेल. सॉफ्टवेअरचं वॉर्प, म्हणजे सूर आणि वेग वेगवेगळे बदलण्याची सोय, बंद ठेवा. सूर न बदलता वेग वाढवायला गेलात की स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) पहिला फटका बोथट होतो. वर चढलेला, ताठ झालेला स्नेअर हीच तर या संगीताची ओळख आहे.

आता कापणी. ग्रिडवर (सॉफ्टवेअरच्या समान अंतराच्या रेषांवर) आपोआप कापू नका, कारण माणसानं वाजवलेले फटके ग्रिडच्या जरा मागेपुढे पडतात. प्रत्येक फटक्याच्या अगदी आधी, जिथे वेव्हफॉर्म शून्य रेषा ओलांडते तिथे कापा आणि शेवटाला २ मिलिसेकंदांचा फेड द्या, म्हणजे आवाज अलगद शून्यावर येईल. काप उशिरा पडला तर फटक्याचं तोंडच उडतं. शून्य सोडून पडला तर ‘टक’ असा आवाज येतो. सगळे तुकडे एकाच चोक ग्रुपमध्ये टाका, म्हणजे नवा तुकडा वाजताच आधीचा थांबेल. हे राहिलं तर राइड सिंबलच्या (झांजेच्या) घुमत राहणाऱ्या शेपट्या एकमेकींवर चढतात आणि नुसता फसफसाट उरतो.

बारची १६ घरं (मात्रेला चार) मोजली तर पहिल्या दोन बारमध्ये किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) १, ३, ११, १२ वर आहे. जोरकस स्नेअर ५ आणि १३ वर, हलके स्नेअर ८, १० आणि १६ वर. हे हलके फटकेच ब्रेकला चालवतात, त्यांना पुसू नका. सुरुवातीला एक बार असा लिहून पाहा: १ आणि ३ वर किक, ५ वर स्नेअर, ८ आणि १० वर हलके, ११ वर किक, १३ रिकामं, आणि स्नेअर थेट १५ वर. कान १३ वर स्नेअरची वाट बघतो, तो येत नाही, आणि पुढचा बार आपोआप ओढून घेतो. पण हे दर चार बारांत एकदाच करा. प्रत्येक बारमध्ये केलंत तर वाट बघायला काही उरत नाही.

ताणण्याची पाळी यानंतर येते. ‘टर्मिनेटर’मध्ये (१९९२) गोल्डीनं वेग तोच ठेवून ब्रेकचा सूर वर चढवत नेला होता. तसं हवं असेल तर तयार लूप ऑडिओ म्हणून बाहेर काढा, मग वॉर्प सुरू करा आणि दोन बारांत सूर ० पासून ७ सेमिटोनपर्यंत न्या. आकाय सॅम्पलरचा (आवाज साठवून वाजवणाऱ्या यंत्राचा) धातूसारखा घरघरणारा ताण वेगळा: तो आवाजाचे बारीक कण करून तेच पुन्हा पुन्हा वाजवतो. कण २० मिलिसेकंदांचा असेल तर ५० हर्ट्झची घरघर मिळते. तो ८०पर्यंत वाढवला की घरघर जाऊन फडफड ऐकू येते.

बेस साधी साइन लहर, ४१ ते ५५ हर्ट्झ, मोनो. ब्रेकमधलं ११० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, नाहीतर जुन्या किकची गुरगुर आणि बेस एकमेकांना खातात. सूर किमान दोन मात्रा धरा. ५० हर्ट्झच्या लहरीचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं असतं, तेव्हा एका घराच्या ९४ मिलिसेकंदांत पाचही आवर्तनं पुरी होत नाहीत आणि कानाला सूर न लागता नुसता धक्का बसतो. सुरुवातीला ५ मिलिसेकंदांचा अटॅक (आवाज पूर्ण चढायला लागणारा वेळ) द्या. छोट्या स्पीकरवर बेस गायब होत असेल तर आवाज वाढवू नका, किंचित डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा परिणाम) द्या.

गाणाऱ्याला मात्र ८० बीपीएमचाच क्लिक (मात्रा मोजणारी टिकटिक) ऐकवा आणि कानात ब्रेक अगदी मंद ठेवा. १६०च्या क्लिकवर गायलं की शब्दांची शेवटची अक्षरं तुटतात. रिव्हर्बचा (घुमाऱ्याचा) प्री-डिले, म्हणजे शब्दानंतर घुमारा सुरू होईपर्यंतचा वेळ, ९४ मिलिसेकंद ठेवा. मग लांब शेपटी असूनही शब्द स्पष्ट राहतात आणि शेपटी ब्रेकच्या घरावरच सुरू होते.