गावात मंडळी सुरू करायची असेल तर आधी एक घर बघा

आपल्याकडं नवीन मंडळी, म्हणजे ख्रिस्ती उपासनेला जमणारा गट, म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिलं येतं ते मंडप, साउंड आणि बाहेरचा वक्ता. माझं म्हणणं आहे तो खर्च राहू द्या, आधी गावात असं एक घर शोधा जे तुम्हाला आपणहून चहाला बोलावतंय. फिलिप्पै शहरात प्रेषित पौलाला तरी कुठं मोठी सभा मिळाली, नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटल्या, त्यातल्या जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियानं आपलं घर उघडलं आणि तिथनं सुरुवात झाली, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ परत एकदा वाचा.

त्या घरी आठवड्यातनं एक संध्याकाळ ठरवा आणि वार मोडू नका. वेळ मात्र त्यांच्या सोयीची, ऊसतोडीच्या हंगामात माणसं दमून येतात, तासगावकडं द्राक्षाच्या छाटणीत कुणाला सवड नसते, तेव्हा अर्ध्या तासात आटपा. प्रवचन नको, एक गोष्ट वाचा आणि त्यांना बोलू द्या. एका घरी आम्ही येशूनं सांगितलेली उधळ्या पुत्राची गोष्ट वाचत होतो, वाटणी घेऊन उधळून परत आलेल्या पोराला जवळ घेणाऱ्या बापाची, दाराशी लसूण सोलत बसलेल्या आजी मधीच म्हणाल्या, "बाप जिता असताना वाटणी मागितली व्हय त्यानं?" त्या घरात वाटणीवरनंच भावाभावांचं बोलणं बंद होतं. नंतर बराच वेळ सगळे त्या बापाबद्दलच बोलत होते, मला काही समजावून सांगावंच लागलं नाही.

गाणी आपल्या चालीची घ्या, पेटी आणि झांज असली तरी भागतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१७ ला साताऱ्यात आले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागं चालणाऱ्याला तिथं जागा होती, आणि त्यांची सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, अभंगातनं, कीर्तनातनं लोकांपर्यंत गेली. हे आपल्याच जिल्ह्यात झालंय!

सेवा जरूर करा पण तिला अट नको. मिरजेत मिशनरी डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला हॉस्पिटल सुरू केलं, तिथं सगळ्या जातीधर्माचे पेशंट यायचे. प्रार्थना करताना कुणाच्या गोळ्या बंद करायला सांगू नका, हे मी फार कळकळीनं सांगतोय, बीपी-शुगरवाल्या माणसाचा जीव जाईल. आणि दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवायची नाहीत. घटनेच्या कलम २५ नं धर्माचा प्रसार करायचा हक्क दिलाय, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टानं १९७७ ला सांगितलंय, त्यामुळं आमिष नाही, दबाव नाही, बाप्तिस्म्याची घाई तर अजिबात नाही, आधी घरच्यांशी मोकळं बोलणं होऊ द्या.

वाढ होते ती पाहुण्यारावळ्यातनं. नवीन माणसाची साक्ष, म्हणजे त्याचा स्वतःचा विश्वासाचा अनुभव, त्याच्या मेहुण्याला जेवढी पटते तेवढं पाळकाचं बोलणं पटत नाही, म्हणून त्यालाच बोलू द्या, तुम्ही शेजारी बसा. चारपाच घरं झाली की रविवारची उपासना सुरू करा. पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांनी प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे मंडळी सांभाळणारी जाणती माणसं, नेमले होते, तसं गावातल्याच दोघातिघांना तयार करा, वाचन त्यांच्याकडं, आजाऱ्याला भेटायला जाणं त्यांच्याकडं. दानाची वही पहिल्या रविवारपासनं ठेवायची, पैसे दोघांनी मिळून मोजायचे आणि दोघांनी सही करायची.