ग्रेट रेसर कोण, हा वाद कट्ट्यावर घालायचा कसा

मोटरसायकल रेसिंगमध्ये रॉसी भारी की मार्केझ, असा वाद पेटला की लगेच उडी मारू नका. आधी समोरच्याला विचारा, भारी म्हणजे कशात भारी ते सांग की मर्दा. टिळकवाडीतला कट्टा असो नाहीतर निपाणी स्टँडवरची चहाची टपरी, बहुतेक वाद फिसकटतात ते एवढ्यासाठीच की एक जण टायटल मोजायलाय, दुसरा ओव्हरटेक आठवायलाय आणि तिसऱ्याला नुसता रॉसीचा पिवळा 46 नंबर आवडतोय. तिसऱ्याला सोडून द्या, त्याच्याशी वाद होत नाही.

टायटलचे आकडे मात्र पाठ पाहिजेत, नाहीतर कोणतरी मोबाइल काढतंय आणि तुमचं तोंड बंद. जियाकोमो अगोस्तिनी 15 वर्ल्ड टायटल आणि 122 विजय, आंखेल निएतो 13 टायटल पण सगळी 50 आणि 125 सीसीतली, मग रॉसी 9, माइक हेलवूड 9, आणि 2025 चं धरून मार्केझ पण 9. तिघं एकाच आकड्यावर, म्हणजे नुसतं मोजून निकाल लागत नाही हे इथंच सिद्ध झालं. त्यात अगोस्तिनीच्या टायमाला एकाच सीझनमध्ये 350 आणि 500 सीसीचे दोन्ही क्लास पळायला मिळायचे, त्याची 15 अशी 7 आणि 8 मिळून झालीत. "15 म्हणजे 15, विषय संपला" असं कोण म्हणालं की हे सांगायचं.

खरं अगोस्तिनी म्हातारबाबाला एकदम उडवून पण लावू नका. 1968 ला त्यानं 500 च्या दहाच्या दहा रेस मारल्या तेव्हा होंडा कंपनी रेसिंगमधनं आधीच निघून गेलेली, समोर तगडं कोण नव्हतं, हे मान्य. पण त्याच्या आदल्या वर्षी होंडावर हेलवूड होता, दोघांनी पाच-पाच रेस जिंकल्या आणि टायटल अगोस्तिनीनं नेलं, आणि नंतर आपली जुनी एमव्ही गाडी सोडून टू-स्ट्रोक इंजिनच्या यामाहावर बसून 1975 ला परत 500 चं टायटल. गाडी बदलून जिंकलाय, हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता खरा मुद्दा. आपल्याकडं बैलगाडी शर्यती बघितलेल्या माणसाला हा समजावून सांगावा लागत नाही, गाडी पहिली आली तर कौतुक बैलांचं का हाकणाऱ्याचं? बघायचं असेल तर तीच जोडी दुसऱ्याच्या हातात देऊन बघा. मोटोजीपीत, म्हणजे मोटरसायकलच्या सगळ्यात मोठ्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, हे आपोआप होतंय, कारण टीममेटच्या बुडाखाली तीच गाडी असतीय. म्हणून माझं म्हणणं, टायटल शेवटी मोजा, आधी टीममेट बघा.

उदाहरण द्यायचं तर केसी स्टोनरचं द्या, याच्याएवढं पक्कं उदाहरण नाही. 2007 ला डुकाटीवर त्यानं 10 रेस जिंकल्या, त्याच टीममधल्या कापिरोसीनं एक. लोक म्हणाले डुकाटीचं इंजिनच राक्षसी आहे, सरळ पट्ट्यात कोण पण पळवील. बरं, मग 2010 च्या शेवटाला स्टोनर गेला आणि त्याच्या जागी खुद्द रॉसी आला, दोन सीझन पळाला, एक पण रेस जिंकला नाही. डुकाटीला पुढचा विजय मिळाला 2016 ला ऑस्ट्रियात, इयानोनेच्या हातनं, आणि पुढचं रायडर टायटल थेट 2022 ला बान्यायाचं. आणि स्टोनर? होंडावर गेला आणि पहिल्याच वर्षी, 2011 ला, चॅम्पियन.

इथं रॉसीवाला गप्प बसणार नाही आणि बसू पण नये. तो म्हणणार 2007 ला डुकाटीकडं ब्रिजस्टोन टायर होते, रॉसी मिशेलिनवर अडकलेला, 2008 ला तो पण ब्रिजस्टोनवर आला आणि लगेच दोन टायटल लागोपाठ. मुद्दा वजनदार आहे, उगाच नाही म्हणू नका. खरं कापिरोसीच्या गाडीला पण ब्रिजस्टोनच होते की! मग रॉसीवाल्याकडं दुसरं पान असतंय 2004 चं, जिंकणारी होंडा सोडून रॉसी मागं पडलेल्या यामाहावर गेला आणि साउथ आफ्रिकेत वेल्कमला पहिलीच रेस मारली, त्या वर्षीचं टायटल पण घेतलं. या पानाला उत्तर नाही, सरळ दाद द्या आणि पुढं चला.

मार्केझवाल्यांनी 2019 काढावं, होंडावर त्याचे 420 पॉइंट आणि टीममेट लोरेन्झोचे 28. अर्थात लोरेन्झो त्या वर्षी जखमी होऊन काही रेस मुकला, ते लपवू नका, कोणतरी काढणारच. त्यापेक्षा 2024 बरं, एक वर्ष जुन्या डुकाटीवर त्यानं तीन ग्रां प्री जिंकल्या, तीच जुनी गाडी असलेल्या बाकी तिघांना एक पण नाही.

दुखापतीचा विषय निघाला की लोक रडवे होतात. 2020 ला हेरेझला मार्केझच्या दंडाचं हाड मोडलं, चार ऑपरेशनं झाली. डूहान नावाच्या रायडरचा पाय 1992 ला आसेनमध्ये जवळजवळ गेलाच होता आणि नंतर त्यानं 1994 ते 1998 सलग पाच टायटल घेतली. किती सोसलं याचे मार्क देऊ नका, परत आल्यावर कसा पळाला ते बघा.

आइल ऑफ मॅन टीटी मात्र यात मिसळू नका. सुमारे 60 किलोमीटरचा गावातनं जाणारा रस्ता, दहा-दहा सेकंदांनी एकेकाला सोडतात, शर्यत घड्याळाशी. तिथं जोई डनलपचे 26 विजय, ते 2024 ला पुतण्या मायकलनं मागं टाकले, आणि हेलवूड तर 11 वर्षांनी तिथं परत येऊन 38 व्या वर्षी डुकाटीवर जिंकला. हा वाद वेगळा घाला, वेगळ्या दिवशी. आणि टीटीचं नाव ऐकून कोणतरी "आपण पण चोर्ला घाट इतक्या मिनिटांत उतरलोय" सुरू करणार, त्याला तिथंच थांबवा, वळणावर समोरनं गोव्याची बस येतीय रे बाबा, रेस नव्हे ती.